बॅग उलटी करून बघा

मागच्या अंकात कडक बॅगांबद्दल काय विचारायचं ते विचारा असं म्हटलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांमधली सहा इथे घेतलीयेत. मी नाशिकरोडला बॅगा दुरुस्त करतो, त्याआधी १४ वर्षं बॅगांच्याच कारखान्यात मोल्डिंगला होतो. आमच्या जिल्ह्यात सातपूर-सिन्नरला व्हीआयपी, गोंद्याला सॅमसोनाइट, त्यामुळे ओळखीपाळखीत कोणी ना कोणी या लाइनीतलं सापडतंच. खाली जे लिहिलंय ते हाताने केलेल्या कामातनं आलेलं आहे.

प्रश्न: औषध कंपनीत एरिया मॅनेजर आहे, महिन्यातले १५-१६ दिवस बाहेर असतो, कधी रेल्वे, कधी विमान, कधी एसटी. दोन वर्षांत तीन हार्ड ट्रॉली बॅगा गेल्या. दोघींची चाकं गेली, तिसरीचा दांडा वर येईना. आता एक दुकानदार म्हणतो पॉलिकार्बोनेटच घ्या, दुसरा म्हणतो पीपी, आणि ऑनलाइन सगळं एबीएस दिसतंय. बजेट पाच-सहा हजार. नक्की काय घेऊ? (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय बघा, दोन चाकं आणि एक दांडा. म्हणजे तिन्ही बॅगांची बॉडी शेवटपर्यंत धडधाकट होती. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांचंही तेच आहे, दहा आल्या तर बॉडी फुटलेली एखादी, बाकीच्या चाक, दांडा, चेन नाहीतर रनर. पण दुकानात बोलणं सगळं प्लास्टिकवर चालतं आणि गिऱ्हाईक बॅग फिरवून रंग बघतं, उलटी करून कोणी बघत नाही, आणि पैसे जातात ते तिथेच.

तरी प्लास्टिकचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात गोंधळ फार आहे. एबीएस म्हणजे मिक्सरची बॉडी असते ना ते, किंवा पोरांचे लेगोचे ठोकळे. दिसायला चकाचक, स्वस्त, पण कोपऱ्यावर जोरात आपटलं की तडा जायची भीती जास्त, आणि वाकलं की तिथे पांढरी रेघ उमटते ती जात नाही. पॉलिकार्बोनेट म्हणजे हेल्मेटची काच, पोलिसांची ती पारदर्शक ढाल. हे दाबलं की आत जातं आणि परत बाहेर येतं, मार खायची ताकद तिघांत सगळ्यात जास्त, किंमतही जास्त. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, घरातले डबे नाहीतर मोल्डेड खुर्च्या ज्याच्या असतात ते. चिवट असतं, वजनाला हलकं, पाण्याहूनही हलकं, आणि ओरखडे पडले तरी रंग आरपार असल्याने ते डोळ्यात भरत नाहीत. तुमच्यासारख्या रोजच्या फिरतीला, तुमच्या बजेटमध्ये, मी पीपी सांगेन. पॉलिकार्बोनेट चांगलंच आहे पण या किमतीत 'पॉलिकार्बोनेट' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं एबीएसमध्ये थोडं पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट, मिसळलेलं किंवा वरून फक्त पीसीचा पातळ थर दिलेलं असतं, त्यामुळे लेबलवर '१०० टक्के' लिहिलंय का ते वाचायचं आणि दुकानदाराला बिलावर मटेरियल लिहून द्यायला सांगायचं. आढेवेढे घेतले तर समजून घ्या.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो जी दुकानात कोणी सांगणार नाही. पीपीची बॉडी वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरून बनते, त्यामुळे जिथे जाडी पाहिजे तिथे जाडी देता येते, आतून पट्ट्या देता येतात. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या बॅगा सहसा पत्र्यासारखी शीट गरम करून साच्यावर व्हॅक्यूमने ओढून बनवतात, आणि शीट ओढली की ती सगळ्यात जास्त ताणली जाते कोपऱ्यात, म्हणजे बॅग ज्या कोपऱ्यावर पडणार तोच कोपरा सगळ्यात पातळ! चांगली कंपनी त्यासाठी मुळात जाड शीट घेते, हलक्या मालात वजन आणि पैसे वाचवायला पातळ शीट ओढलेली असते. म्हणून बॅग उघडायची, अस्तराची चेन खोलायची, मोबाइलचा टॉर्च आतून कोपऱ्यावर धरायचा, फिक्या रंगाची बॅग असेल तर उजेड मधल्या भागापेक्षा कोपऱ्यात किती जास्त येतोय ते लगेच कळतं. गडद रंगात हे दिसत नाही, तिथे अंगठ्याने कोपरा दाबून बघा, दुधाच्या पिशवीसारखा लिबलिबला तर ठेवून द्या.

मग बॅग उलटी करा. चाक स्क्रूने बसवलंय की रिपिट ठोकलीय? स्क्रू असेल तर उद्या चाक गेलं की अस्तर बाजूला करून तीन-चार स्क्रू काढायचे, नवीन चाक बसवायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. रिपिट असेल तर ड्रिलने उडवावी लागते, भोक मोठं होतं, नवीन चाकाची भोकं जुन्याशी जुळत नाहीत, आणि तो कोपरा कायमचा कमजोर होतो. गेल्या पावसाळ्यात एक गुरुजी बॅग घेऊन आले होते, बॉडी अक्षरशः नवीकोरी, एकच चाक तुटलेलं. रिपिट उडवली तर आतून सबंध कप्पी, म्हणजे चाक ज्यात बसतं ते घर, बॉडीलाच चिकटवलेली निघाली, आणि अस्तरही चेनचं नव्हतं, गमने डकवलेलं, ते फाडावं लागलं. दोन तास गेले माझे आणि शेवटी जे चाक बसलं ते इतर तिघांपेक्षा अर्धा सेंटीमीटर उंच, बॅग डुगडुगायची. मला त्यांच्याकडून पैसे घ्यायला जिवावर आलं. एका चाकापायी आख्खी बॅग टाकायची वेळ येते ती अशी, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तीच बॅग चार स्क्रू दिले असते तर अजून आठ-दहा वर्षं चालली असती.

दांडा पूर्ण वर काढून हलवा, थोडा खुळखुळला तर चालतं, पण दोन्ही नळ्या एकदम खाली बसल्या पाहिजेत, एक आधी आणि एक मागून असं झालं तर तो अडकणार, तुमच्या तिसऱ्या बॅगेचं हेच झालं असणार. दुकानातल्या एखाद्या भरलेल्या बॅगेचं सामान आत घालून चालवून बघा, रिकामी बॅग कुठलीही लोण्यासारखी पळते. आणि दुकान सोडायच्या आधी एवढं विचारा, चाक आणि दांड्याचा स्पेअर मिळतो का, सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का. तुमच्यासारख्याला वॉरंटी पाच वर्षं की सात यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते, विमानतळावर आपटलेल्याची नसते.

साइझ म्हणाल तर तीन-चार दिवसांच्या फेरीला ५५ सेंटीमीटरची केबिन बॅग पुरते. आपल्याकडे देशांतर्गत विमानात हाताशी न्यायच्या बॅगेला साधारण ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटीमीटर आणि ७ किलो धरतात, आणि यात चाकं, हँडल सगळं आलं. ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी चाकं सोडून नुसत्या बॉडीचं माप दिलेलं असतं, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा. पॉवर बँक याच बॅगेत ठेवायची, चेक-इनला चालत नाही. बॅग रिकामी तीन किलोची असेल तर तुमच्या वाट्याला चारच किलो उरतात, लॅपटॉप धरला तर काय राहिलं? अडीच किलोच्या आतली बघा.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत असते, बाळंतपणासाठी जायचंय, दोन मोठ्या बॅगा घ्यायच्या आहेत. लोक म्हणतात सगळ्यात मोठी घ्या म्हणजे सामान जास्त बसेल. चेनची घेऊ की पूर्वीसारखी खटक्याची? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

ताई, आधी अभिनंदन! आता सगळ्यात मोठी घ्यायच्या आधी तिकिटावर बघा, अमेरिकेच्या इकॉनॉमीला बहुतेक ठिकाणी बॅगेमागे २३ किलो असतात आणि लांबी, रुंदी, जाडी यांची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत लागते, चाकांसकट. ७५-७७ सेंटीमीटरची बॅग सहसा यात बसते, त्याहून मोठी घेतली तर बेरीज ओलांडते आणि काउंटरला जादा पैसे भरायची वेळ येते. शिवाय मोठी बॅग मोकळी दिसली की आपण भरतच जातो, डाळीचं पीठ, मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतविडा, आणि मग विमानतळावर जमिनीवर बॅगा उघडून सामान इकडचं तिकडे, हे दृश्य मुंबई विमानतळावर कुठल्याही रात्री दिसतं. तेव्हा हुकाला टांगून बघायचा छोटा वजनकाटा घ्या, चार-पाचशेला मिळतो, आणि घरीच २२ किलोला थांबा.

चेन की खटका, तर खटक्याची, म्हणजे फ्रेमची बॅग चोरीच्या दृष्टीने भक्कम. चेनचं असं आहे की साध्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक घुसवलं की दाते उघडतात, आतलं काढता येतं, आणि रनर पुढेमागे फिरवला की चेन परत जशीच्या तशी बसते, उघडली होती हे कळतही नाही. हल्ली दुहेरी दात्यांची चेन देतात तिला पेन लागू होत नाही. खटक्याच्या बॅगेचं दुसरं अंग म्हणजे ती जड असते, मोठ्या साइझला एखादा किलो सहज जास्त, आणि काठोकाठ भरली की फ्रेम बसत नाही, जोर लावून बसवली तर खटका उडतो. तुम्हाला एकेक किलो मोलाचा आहे, म्हणून जाड दातांची, दुहेरी चेन असलेली पीपी बॅग घ्या. रंग मात्र उठून दिसणारा घ्या, पट्ट्यावर काळ्या-निळ्या पन्नास बॅगा फिरत असतात. आणि हो, जी चेन उघडून बॅग फुगवता येते ती जाताना उघडू नका, फुगवलेल्या भागाला कडक बॉडी नसते, नुसतं कापड असतं, लोणच्याची बरणी तिथे आली तर तिचं काही खरं नाही.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी भारी किमतीची बॅग घेतली, जेमतेम चारदा वापरली. माळ्यावरून काढली तर चाकांवरचं रबर हाताला चिकटलं आणि खाली तुकडे पडले. वापर नाही तर चाक झिजेल कसं? (एक वाचक, रत्नागिरी)

काका, तुमच्यासारख्या बॅगा माझ्याकडे दर मे महिन्यात येतात, आणि सगळे हाच प्रश्न विचारतात, वापरली नाही तर गेली कशी. ते रबर नसतं, पॉलियुरेथेन असतं. आवाज कमी व्हावा, चाक मऊ फिरावं म्हणून कडक चाकावर त्याचा थर देतात. या मालाच्या काही जातींना हवेतल्या दमटपणाचं वाकडं आहे, ओलावा हळूहळू आत जाऊन त्याची साखळीच तोडतो, मग ते आधी चिकट होतं आणि नंतर शिळ्या केकसारखं भुगा होऊन पडतं. जुन्या स्पोर्ट शूजचा तळ अचानक सुटून येतो तेही हेच. कोकणातला पावसाळा, त्यात माळ्यावर कोंदट, आणि वरून बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली असेल (बहुतेक ठेवलीच असणार), तर आतला ओलावा आतच राहतो. तुमची चूक नाही यात, कोणी सांगितलेलं नसतं.

बॅग टाकू नका. स्क्रूची चाकं असतील तर चारही बदलून घ्या, एक-दोन नको, जुन्या-नव्याची उंची जुळत नाही. रत्नागिरीत स्पेअर नाही मिळाला तर एक चाक काढून त्याची गोलाई, जाडी आणि मधल्या आसाचं भोक मोजून ठेवा, त्या मापावर चाकं मिळतात. पुढच्या वेळी प्लास्टिकऐवजी जुनी साडी किंवा चादर गुंडाळा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पावसाळ्यात एक-दोनदा उघडी उन्हात नको, सावलीत वाऱ्याला ठेवा. अस्तराला बुरशीही लागत नाही त्याने.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये जर्मनीला मास्टर्सला चाललोय. तिकडच्या थंडीत प्लास्टिक बॅग फुटते असं ऐकलं. चार चाकी बरी की दोन चाकी? (एक विद्यार्थी, पुणे)

मित्रा, थंडीचं ऐकलेलं अगदीच खोटं नाही. पीपी शून्याच्या आसपास आणि खाली गेलं की कडक पडायला लागतं, कंपन्या त्यावर उपाय म्हणून दुसरं काही मिसळतात तरी कडाक्याच्या थंडीत पॉलिकार्बोनेट त्यापेक्षा जास्त तग धरतं. पण तू काही बर्फात बॅग घेऊन राहणार नाहीस, विमानतळ ते स्टेशन ते खोली एवढंच, त्यामुळे चांगल्या पीपीलाही घाबरायचं कारण नाही. खर्च करायची तयारी असेल तर पॉलिकार्बोनेट घे, त्याची सुटकेस बाजारात आणली तीही तिकडच्याच कोलोन शहरातल्या रिमोवाने, २००० साली.

चाकांचा विचार जास्त कर. तिकडच्या जुन्या गावांतले रस्ते दगडी फरशीचे असतात, चार चाकी बॅगेची छोटी चाकं त्या फटींमध्ये अडकतात आणि एकाच दगडात कप्पी मोडू शकते. अशा रस्त्याला मोठ्या, आत बसवलेल्या दोन चाकांची बॅग तिरकी ओढणं सोपं आणि टिकाऊ. चार चाकीच घेतली असशील तर फरशीवर ती पण तिरकी करून मागच्या दोन चाकांवरच ओढ.

प्रश्न: वडिलांची १९८० च्या आसपासची मोल्डेड सुटकेस आहे, एक ओरखडा सोडला तर नव्यासारखी. तिला चाकं बसवून मिळतील का? (एक वाचक भगिनी, अमरावती)

ताई, बसवून देणारे मिळतील, पण मी तुम्हाला नको म्हणेन. त्या बॅगा उचलून न्यायलाच बनवलेल्या होत्या. सुटकेसला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ ला मिळालं, आणि आज आपण ओढतो तशी उभी, लांब दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये काढली, आपल्याकडे ती घरोघर यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. तोवर स्टेशनवर हमाल, नाहीतर आपले हात. त्यामुळे त्या सुटकेसचं सगळं वजन वरच्या मुठीवर आणि कडेच्या फ्रेमवर तोललेलं असतं, खालच्या कोपऱ्यात भार घ्यायला आतून काहीच दिलेलं नसतं. तिथे भोकं पाडून चाकं ठोकली तर पहिल्याच जिन्यावर कोपरा फाटेल. तशीच ठेवा तिला. माझ्याकडे अशी एक येते, दर दोन वर्षांनी तिचे मालक बिजागरीला तेल घालून घेतात आणि घरची कागदपत्रं, लग्नातला शालू तिच्यात ठेवतात. साफ करताना थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, त्यातल्या ॲसिटोनने एबीएस विरघळतं आणि पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात, साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

प्रश्न: दुबईहून आलो, घरी येऊन बघतो तर बॅगेचा कोपरा फुटलेला आणि एक चाक गायब. विमान कंपनीला फोन केला तर म्हणतात विमानतळावरच सांगायला हवं होतं. आता काहीच होणार नाही का? शिवाय नंबरलॉकचा आकडाही विसरलोय, आणि त्यावर चावीचं भोक आहे पण चावी मिळालेलीच नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

काका, धीर सोडू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे, आणि त्याप्रमाणे सामानाचं नुकसान झालं तर बॅग हातात आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करता येते. लेखी, फोनवर नाही. म्हणून आजच मेल टाका, सोबत बोर्डिंग पास, बॅगेच्या टॅगचा तो चिकटवलेला तुकडा, फोटो आणि बॅगेचं बिल असेल तर ते. ते लोक म्हणतात त्यात तथ्य एवढंच की विमानतळावर पट्ट्याजवळच्या काउंटरला नोंद केली असती तर एक रिपोर्ट मिळतो, पीआयआर म्हणतात त्याला, तो हातात असला की नुकसान त्यांच्याच ताब्यात झालं हे सिद्ध करायला सोपं जातं. तो नाही म्हणून तुमचा हक्क संपत नाही, फक्त भांडावं जास्त लागतं, आणि भांडा, कारण लोक सोडून देतात म्हणूनच फोनवर असं उत्तर मिळतं. नुसते ओरखडे, छोटे पोचे धरत नाहीत ते, पण फुटलेला कोपरा आणि गेलेलं चाक म्हणजे ओरखडा नव्हे. निकाल लागेपर्यंत बॅग दुरुस्त करू नका आणि टाकूही नका, ते तपासायला मागू शकतात. पुढच्या वेळी बॅग पट्ट्यावरून उतरवली की चारही कोपरे आणि चारही चाकं तिथेच उभं राहून बघा, मगच बाहेर पडा.

ते चावीचं भोक तुमच्यासाठी नाहीच. पत्त्यांतल्या चौकटसारखी लाल खूण असलेलं ते टीएसए लॉक, चावी अमेरिकेतल्या तपासणीवाल्यांकडे असते म्हणजे त्यांना कुलूप न तोडता बॅग उघडता येते. आकडा विसरलात तर ०००, मग जन्मसाल, घर नंबर असं करून बघा, नाहीच लागला तर ००० पासून ९९९ पर्यंत एकेक फिरवत जा, हजारच आकडे आहेत, अर्ध्या-पाऊण तासात लागतो. प्रत्येक आकड्याला बटण सरकवून बघायचं एवढं लक्षात ठेवा. उघडलं की तोच आकडा ठेवून बाजूचं बारीक बटण पेनच्या टोकाने आत दाबा, नवा आकडा लावा, आणि उघडायचं बटण सरकवा, बारीक बटण टक्‌ करून बाहेर येईल. कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो पण बहुतेकांचं असंच आहे. नवा आकडा मोबाइलमध्ये आणि घरच्या एका माणसाकडे लिहून ठेवा.